बाई, चित्रं आधी दाखवू की गोष्ट आधी सांगू?

या महिन्याच्या टपालात चित्रांच्या पुस्तकांबद्दल चार पत्रं निघाली. पहिलं पत्र लांब आहे आणि माझं उत्तर त्याहून लांब झालंय. बाकीच्यांनी रागावू नये.

बाई, नमस्कार. मी कोल्हापुरात, राजारामपुरीत राहते. मुलगी सात वर्षांची, दुसरीत, मराठी माध्यम. मुलगा चार वर्षांचा. माझ्या वन्संनी पुण्याहून मुलीच्या वाढदिवसाला 'अ‍ॅलिस इन वंडरलँड' हे इंग्रजी पुस्तक पाठवलं. जाड पुठ्ठा, आत जुन्या वळणाची काळी-पांढरी चित्रं. इतकं देखणं, की आठ दिवस मी ते शोकेसमध्येच ठेवलं. मग एका रात्री वाचायला बसले. एक ओळ इंग्रजीत वाचायची, तीच मराठीत सांगायची. माझं इंग्रजी बेताचं. दुसऱ्या पानावर मी अडकले, मुलगी मला सोडून चित्रं बघत पुढं गेली आणि धाकट्यानं पान ओढलं, ते फाटलं. मी ओरडले. दोघं उठून आजीच्या खोलीत गेली. सासूबाई म्हणाल्या, "शेंडा ना बुडखा, तात्पर्य तरी काय ह्या गोष्टीचं?" आता मी ठरवलंय, चित्रं झाकून आधी गोष्ट पुरी सांगायची आणि मग बक्षीस म्हणून चित्रं दाखवायची. बरोबर आहे का?

नाही. झाकू नका. मी झाकून बघितलंय, म्हणून सांगते.

शाळेत मी चित्रकला शिकवायचे. चौथीच्या वर्गावर एकदा ऑफ तास मिळाला. मुलांनी स्वतःच्या मनानं चित्र उभं करावं, अशा थोर विचारानं मी याच पुस्तकातल्या चित्रांवर खाकी कागद टाचण्यांनी लावला आणि सांगायला सुरुवात केली. ससा पळत येतो, जाकिटाच्या खिशातून घड्याळ काढतो, "उशीर झाला" म्हणतो. तिसऱ्या बाकावरची एक मुलगी उठली. "बाई, सशाला खिसा कुठनं आला?" मी म्हटलं, त्यानं जाकीट घातलंय. "कसलं? आमच्या आबांच्या बंडीगत?" मग मी पाच मिनिटं जाकिटाचं वर्णन केलं. वर्ग जांभया द्यायला लागला. शेवटी तीच मुलगी पुढं आली, टाचणी काढली, कागद वर केला, बघितलं आणि म्हणाली, "हां." जागेवर जाऊन बसली आणि तास संपेपर्यंत हलली नाही. तेव्हापासून माझी टाचण्यांची डबी बंद आहे.

लेखकालाही हे माहीत होतं. गोष्टीच्या पहिल्याच वाक्यात अ‍ॅलिस ताईच्या पुस्तकात डोकावते. त्यात चित्रं नाहीत, कुणी कुणाशी बोलत नाही, तर असल्या पुस्तकाचा उपयोग काय, असं तिच्या मनात येतं. पुढं ग्रिफन नावाचा प्राणी येतो, तेव्हा लेखक त्याचं वर्णन करतच नाही. ग्रिफन म्हणजे काय हे माहीत नसेल तर चित्र बघा, असं कंसात सांगून मोकळा होतो. खटल्याच्या प्रसंगात राजानं न्यायाधीशाच्या टोपावर मुकुट कसा चढवला, हे बघायलाही तो वाचकाला पुस्तकाच्या तोंडाशी असलेल्या चित्राकडं धाडतो. म्हणजे तुमची मुलगी चित्रं बघत पुढं गेली ती काही अभ्यास चुकवून पळाली नाही. लेखकानं दाखवलेल्या वाटेनंच गेली. बाबूराव पेंटर आणि आबालाल रहिमान या चित्रकारांच्या गावात राहून आपण चित्राला बक्षिसाची गोळी समजायची, हे मला तरी पटत नाही.

आता तुमच्या इंग्रजीचं. ही गोष्ट लिहून झाली नव्हती, आधी सांगून झाली होती. ४ जुलै १८६२ रोजी ऑक्सफर्डचे गणिताचे अध्यापक चार्ल्स डॉजसन एका पाद्री मित्राबरोबर तीन बहिणींना होडीतून फिरायला घेऊन गेले. त्यातली मधली दहा वर्षांची अ‍ॅलिस. मुलींनी गोष्ट मागितली, त्यांनी तिथल्या तिथं रचली. त्यात बरोबरच्या सगळ्यांना घुसवलं. अश्रूंच्या तळ्यातून जे पक्षी पोहत बाहेर येतात त्यांत बदक म्हणजे तो डकवर्थ नावाचा मित्र, डोडो म्हणजे डॉजसन स्वतः, लोरी हा पोपट म्हणजे थोरली लोरिना आणि गरुडाचं पिल्लू म्हणजे धाकटी ईडिथ. मुलीनं लिहून मागितली म्हणून पुढं हातानं लिहिली, स्वतः ३७ चित्रं काढली आणि १८६४ मध्ये तिला ती वही दिली. लुईस कॅरॉल या टोपणनावानं छापील पुस्तक आलं ते १८६५ मध्ये, जॉन टेनिअलच्या ४२ चित्रांसह. तेव्हा तुम्ही अडखळत, तुमच्या बोलीत, मुलांकडं बघत सांगितलीत, तर गोष्ट तिच्या मूळ चालीवरच येईल. ओळीमागं ओळ भाषांतर करत बसलात तर मात्र ती मरेल.

मी असं करते. आदल्या रात्री एक प्रकरण एकटीनं वाचायचं. अडलेला शब्द अडू द्यायचा. दुसऱ्या दिवशी पुस्तक सतरंजीवर उघडं ठेवायचं, पानं उलटायचं काम धाकट्याकडं. ज्याला काम असतं तो पान ओढत नाही. गोष्ट तुम्ही तोंडी सांगायची, चित्र मुलांच्या ताब्यात. तुम्हाला शब्द सुचेपर्यंत चित्र मुलांना धरून ठेवतं, हा त्याचा मोठा फायदा. आणि "ह्यात काय काय दिसतंय सांग बघू" असं विचारू नका. ती परीक्षा झाली. गप्प बसा. सात वर्षांची मुलगी वेड्या टोपीवाल्याच्या टोपीवरची चिठ्ठी आपसूक शोधेल. त्यावर १०/६ लिहिलंय, म्हणजे दहा शिलिंग सहा पेन्स, किंमत. डोक्यावरच्या टोपीला किंमत का चिकटवलीय, याचा उलगडा चार प्रकरणांनंतर खटल्यात होतो: टोप्या त्याच्या नाहीतच, विकायच्या आहेत. तोवर तिला तसंच राहू दे.

मराठीत काही गोष्टी इतक्या चपखल बसतात, की मला हसू येतं. चहापानाच्या प्रसंगी डॉरमाउस नावाचा उंदरासारखा पेंगुळलेला प्राणी तीन बहिणींची गोष्ट सांगतो. त्या ट्रीकलच्या विहिरीच्या तळाशी राहतात. ट्रीकल म्हणजे आपली काकवीच. कुणा मुंबईच्या मुलाला ते समजावून सांगावं लागेल. आपली पोरं दिवाळीनंतर गुऱ्हाळावर जाऊन बोटं चाटत आलेली असतात, त्यांना काकवीची विहीर म्हटलं की पुढचं ऐकायचंच नसतं, उडी मारायची असते. त्या बहिणी तिथं काय शिकतात? काकवी काढायला. इंग्रजीत 'ड्रॉ' म्हणजे चित्र काढणं आणि विहिरीतून उपसणं, दोन्ही. आणि मराठीत? पाणी काढतात, चित्रही काढतात. श्लेष एका थेंबानं सांडत नाही. गंमत अशी, की या विहिरीचं चित्र टेनिअलनं काढलेलं नाही. तिथं कागद-पेन्सिल मुलांना द्या. माझ्या रविवारच्या मंडळातल्या एका मुलानं विहिरीला रहाट काढला, बादली काढली आणि शेजारी चुलवाण. मी विचारलं नव्हतं, तरी म्हणाला, "काकवी गार झाली तर वर कशी येणार?"

तसंच दुसरं. तळ्यातून भिजून आलेल्या सगळ्यांना वाळवायला उंदीर त्याला ठाऊक असलेलं सर्वांत कोरडं काहीतरी म्हणून दाखवतो: इंग्लंडचा इतिहास, विल्यम राजाच्या स्वारीचा. कोरडं भाषण आपल्याकडंही असतं. इथं मी खुशाल शाळेच्या स्नेहसंमेलनातलं पाहुण्यांचं भाषण म्हणून दाखवते. डचेस म्हणजे एक सरदारीणबाई, तिच्या स्वयंपाकघरात मिरपुडीनं शिंका येत राहतात, तेव्हा एवढंच म्हणायचं, की गल्लीत डंकावर चटणी कुटायला घेतलीय. सगळंच असं जमत नाही. उंदराची कहाणी आणि उंदराची शेपटी (इंग्रजीत दोन्हीचा उच्चार 'टेल') यांचा खेळ मराठीत येत नाही, सोडून द्यायचा. पण त्या पानावर कविता शेपटीच्या आकारात छापलेली आहे, नागमोडी, खाली बारीक होत गेलेली. चार वर्षांच्या मुलाला वाचता येत नाही, तरी तो त्यावरून बोट फिरवतो.

त्या तळ्याचं एक सांगायचं राहिलं. नऊ फूट उंच झालेली अ‍ॅलिस रडते, तिच्या आसवांचं तळं साठतं. आमच्या मंडळात पंचगंगेकाठची मुलं आहेत. २०१९ चा पूर कुणी पाहिलेला, कुणी घरी नुसता ऐकलेला. पाणी साठलं म्हटल्यावर पहिला प्रश्न आला, "किती फूट, बाई?" राजाराम बंधाऱ्यावर ३९ ला इशारा, ४३ ला धोका, हे आमच्या पोरांना पाढ्यांसारखं पाठ. पुस्तकात आकडा आहे! चार इंच. मुलं हिरमुसली. मग अ‍ॅलिस अचानक लहान होते आणि त्याच चार इंचांत हनुवटीपर्यंत बुडते. त्यावर एकानं पट्टी आणली, भिंतीवर चार इंचांवर रेघ मारली आणि तिच्याखाली गाल टेकवून आडवा झाला. घरमालकांनी ती रेघ अजून पुसू दिलेली नाही.

सासूबाईंबद्दल. त्यांचा प्रश्न चुकीचा नाही, आपल्या सगळ्या गोष्टी तात्पर्यावर संपायच्या. पण अडगुलं मडगुलं म्हणताना त्यांनी कधी कडगुल्याचं तात्पर्य विचारलं असेल, असं वाटत नाही. या पुस्तकातली डचेस प्रत्येक गोष्टीत तात्पर्य हुडकते, फ्लेमिंगो आणि मोहरी दोन्ही चावतात, यातसुद्धा. हे सासूबाईंना सांगू नका. त्यापेक्षा काकवीच्या विहिरीच्या दिवशी त्यांना शेजारी बसवा. गुऱ्हाळाची माहिती तुमच्यापेक्षा त्यांना जास्त असणार.

फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावू नका, काही वर्षांत ती पिवळी पडते आणि कागद खाते. पतंगाच्या पांढऱ्या कागदाची पट्टी आणि मैद्याची पातळ खळ. तेवढं पुरतं.

मी निवृत्त एस.टी. कर्मचारी, शिवाजी पेठ. नातू सहा वर्षांचा. त्याला हेच पुस्तक दाखवलं. राणी बोट रोखून ओरडते ते चित्र बघून दिवसा तो "उडवा मुंडकं" करत घरभर पळतो आणि रात्री अंधारात मोरीत जायला घाबरतो. सूनबाई म्हणतात पुस्तक माळ्यावर टाका. काय करावं?

माळ्यावर टाकलेली राणी मोठी होते. पुस्तक खालीच ठेवा, पण ते कधी उघडायचं हे नातवाला ठरवू द्या. ते पान नको असेल तर त्याच्या हातानं त्यावर कोरा कागद ठेवू द्या, पिना न मारता, म्हणजे वाटेल तेव्हा हळूच उचलून बघता येईल. तो उचलणारच. "त्यात काय घाबरायचं" हे वाक्य मात्र घरात कुणी बोलू नये.

मग पत्त्यांचा कॅट काढा. तुम्ही एस.टी.तले, पत्ते मी शिकवायला नकोत. ही राणी म्हणजे बदामची राणी. बागेत पांढऱ्या गुलाबांना लाल रंग फासणारे माळी इस्पिकची दुर्री, पंजी आणि सत्ती. शिपाई किलवरचे, दरबारी चौकटचे, राजाराणीची पोरं बदामची. नातवाबरोबर बदाम सात खेळा. त्याच्या हातात राणी आली, की ती कधी टाकायची हे तो ठरवतो, ती बिचारी मुकाट्यानं पडते. मी हे दोन मुलांच्या बाबतीत करून बघितलंय. एकाचं भ्यालेपण चार दिवसांत गेलं. दुसऱ्याचं गेलं नाही, पण तो पत्ते फार चांगले खेळायला लागला.

आणि त्याला एक गुपित सांगा. राणी एवढी ओरडते, पण मुंडकं कुणाचंच उडत नाही. ग्रिफन अ‍ॅलिसला हसत सांगतो, की हे सगळं तिच्या डोक्यातलं, प्रत्यक्षात कुणाला मारत नाहीत. शेवटी अ‍ॅलिस पुन्हा मोठी होते, तुम्ही नुसते पत्ते आहात असं त्यांना सुनावते आणि सगळा कॅट तिच्या अंगावर उधळतो. ते चित्र त्याला आधी दाखवा. गोष्ट शेवटापासून सांगितली तर पाप लागत नाही.

मोरीत दिवा लावून ठेवा. त्याचा राणीशी संबंध असेलच असं नाही.

मी कागल तालुक्यात प्राथमिक शिक्षिका आहे. वर्गासाठी हे पुस्तक घ्यायचं आहे. रंगीत घ्यावं की काळं-पांढरं? मराठीत मिळेल का?

देवदत्त नारायण टिळक यांनी या गोष्टीचं 'जाईची नवलकहाणी' असं सुरेख मराठी रूप केलंय. अ‍ॅलिसची जाई झाली, की निम्मं परकेपण तिथंच गळतं. वर्गात सांगण्यासाठी ते मिळवा आणि चित्रांसाठी इंग्रजी प्रत घ्या.

रंगीत की काळं-पांढरं, याचं उत्तर मुलांच्या वयावर आहे. लेखकानंच १८९० मध्ये पाच वर्षांच्या आतल्या मुलांसाठी वेगळी छोटी आवृत्ती केली. त्यात टेनिअलची २० चित्रं मोठी करून रंगवली होती. त्यामुळं रंग म्हणजे भ्रष्टाचार असं समजू नका. पण तुमच्या तिसरी-चौथीच्या मुलांना मी काळी-पांढरीच देईन. रंग नसला की नजर रेघेवर जाते. शिवाय चित्राची झेरॉक्स काढून ज्यानं त्यानं आपल्या मनासारखं रंगवता येतं. आमच्याकडं एका मांजराला भगवा आणि निळा असे पट्टे मिळाले होते.

घेताना एकच बघा. इंग्लंडमध्ये या पुस्तकाचा स्वामित्वहक्क १९०७ मध्ये संपला. त्याच वर्षी आर्थर रॅकमसारख्या चित्रकारानं नव्यानं चित्रं काढली, आणि तेव्हापासून कुणीही उठून हे पुस्तक छापतो. टेनिअलची चित्रं डॅलझिएल बंधूंनी लाकडी ठोकळ्यांवर कोरली होती. सगळी सावली बारीक रेघांच्या जाळीची. स्वस्त छपाईत ती जाळी बुजून डांबर ओतल्यासारखी दिसते. सशाचं चित्र उघडा. अंगावरच्या रेघा सुट्या मोजता आल्या तर घ्या, नुसता काळा डाग असेल तर ठेवून द्या. एवढी चिकित्सा कशाला, असं दुकानदार म्हणेल. त्याला सांगा, १८६५ मध्ये पहिल्या २,००० प्रतींची छपाई टेनिअलला पसंत पडली नाही, तर लेखकानं ती आवृत्ती मागं घेतली आणि पुस्तक पुन्हा छापलं. छपाईचा खर्च लेखकाच्याच खिशातून जात होता, तरी.

दुसरा भाग, आरशातून पलीकडं जाण्याचा, १८७१ चा. तो घेणार असाल तर आणखी एक तपासा. अ‍ॅलिस आरशात शिरते ते चित्र आणि पलीकडं निघते ते चित्र एकाच पानाच्या दोन बाजूंना असायला हवं. पान उलटलं की आपणच आरशातून गेलो. कित्येक आवृत्त्यांत ही चित्रं भलतीकडं जाऊन बसलेली असतात, सगळी गंमत जाते.

आणि विकत घेण्याआधी मुलांना एकदा करवीर नगर वाचन मंदिरात घेऊन या. १८५० पासूनचं ग्रंथालय आहे, हे सांगण्यासाठी नाही. इतकी पुस्तकं एका ठिकाणी बघितली, की आपल्या वर्गाच्या एका पुस्तकाकडं मुलं जरा मालकीनं बघतात.

शुक्रवार पेठ. पावसात कपाट गळलं, मुलीची चित्रांची पुस्तकं ओली झाली. वाचवता येतील का?

साध्या कागदाची येतील, गुळगुळीत आर्ट पेपरची घाईनं आली तर येतील. आर्ट पेपर ओला असतानाच पान-पान सुटं करून मध्ये बटर पेपर घाला. एकदा वाळला, की पानं एकमेकांना अशी चिकटतात, की चाकूनंही सुटत नाहीत. आज वेळ नसेल तर प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून फ्रीजरमध्ये ठेवा आणि रविवारी एकेक काढा. साधं पुस्तक पंख्यासारखं उघडून उभं करा, पंखा लावा, पानांत टीपकागद घाला आणि तो ओला झाला की बदला. वर्तमानपत्र घालू नका, शाई उतरते. उन्हात ठेवू नका, पुठ्ठा वाकतो.

इस्त्री फिरवू नका. मी फिरवलीय.